जिभेखालची गोळी आणि जवळचा दवाखाना

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी वेगळे काढून ठेवले होते. पत्र एका आईचे आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला आशय तेवढा सांगते.

मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर कंबरदुखी जडली. कोणीतरी ट्रामाडॉलची गोळी दिली. दुखणे थांबले, शिवाय कामाला हुरूप येऊ लागला. घरचे, दारचे, तान्ह्या मुलाचे सारे उरकूनही थकवा जाणवेना. औषधाचा दुकानदार ओळखीचा होता, तो चिठ्ठीवाचून गोळ्या देत राहिला. दोन वर्षांत एका गोळीच्या दहा झाल्या. एकदा सलग दोन दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत, तेव्हा अंग मोडून आले, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब, रात्रभर पायांची तगमग. सासरच्यांना वाटले, साथीचा ताप. मुलीला मात्र तेव्हाच उमगले की हे निराळे आहे. तिने आईला सांगितले. गेले दहा महिने ती जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे जाते आणि त्यांनी दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज सकाळी जिभेखाली ठेवते. जुन्या गोळ्यांकडे ती पुन्हा वळलेली नाही. आता तिला चौथा महिना आहे. पाळी आधीपासूनच अनियमित असल्यामुळे दिवस गेल्याचे उशिरा लक्षात आले. अशातच स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवलेल्या गोळ्या सासूबाईंच्या हाती लागल्या. ‘एक नशा सोडून दुसरी धरली, आता पोटातल्या जिवालाही विष घालतेस’ असे त्या म्हणाल्या. मुलगी रडून रडून म्हणते, उद्यापासून गोळी बंद. आई विचारते, ‘बंद करणेच योग्य, नाही का?’

नाही. गोळी बंद करू नये. हे उत्तर मी त्या माउलीला त्याच दिवशी कळवले, कारण हा प्रश्न पुढच्या अंकाची वाट पाहण्याजोगा नव्हता. परंतु सासूबाईंना पडलेला प्रश्न आपल्यापैकी अनेकांनाही पडेल, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहिते.

अफू, गर्द, हेरॉइन, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, वेदनाशामक ट्रामाडॉल, पेंटाझोसिनची इंजेक्शने ही सारी एकाच कुळातली. मेंदूतील ठरावीक ग्राहकस्थानांवर ती जाऊन बसतात. दीर्घकाळ घेतली की मेंदू त्यांना गृहीत धरून चालू लागतो. मग औषध मिळाले नाही की शरीर बंड पुकारते. त्या अवस्थेत माणूस गोळी घेतो तो सुखासाठी नव्हे, नुसते उभे राहता यावे म्हणून. ब्युप्रेनॉर्फिन याच ग्राहकस्थानांवर घट्ट बसते, पण ती पूर्णपणे उत्तेजित करीत नाही आणि ठरावीक मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढतही नाही. एका मात्रेचा प्रभाव साधारण दिवसभर टिकतो. शोधाशोध, उसनवारी, चोरून घेणे, चढणे आणि उतरणे हे सारे चक्र त्यामुळे थांबते. बाई सकाळी उठते, गोळी ठेवते आणि डब्यांच्या तयारीला लागते. हिला नशा म्हणायचे असेल, तर नशा या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या मुळाशी एक स्त्री डॉक्टर आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मेरी निस्वांडर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ. व्यसनी माणसाला कैद्यासारखे वागवणाऱ्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उमेदीच्या काळात काम केले होते, आणि 1956 साली व्यसनी व्यक्तीकडे रुग्ण म्हणून पाहा असे सांगणारे पुस्तक लिहिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल यांच्यासमवेत त्यांनी मेथाडोन हे दीर्घकाळ टिकणारे औषध रोज ठरावीक मात्रेत देऊन पाहिले. हेरॉइनखेरीज दुसरे काही न सुचणारी माणसे शिक्षण, नोकरी, घर यांविषयी बोलू लागली. 1965 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या दोन्ही औषधांना जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. मराठीत या उपचारपद्धतीला ‘पर्यायी उपचार’ म्हणतात. सरकारी केंद्रांत तिचे नाव ‘ओएसटी’.

आता गर्भाविषयी. ‘बाळासाठी सगळी औषधे बंद’ हा आपल्याकडचा जुना आणि एरवी शहाणपणाचा नियम आहे. येथे मात्र तो उलटा लागू होतो. अचानक गोळी थांबवली की आईच्या शरीरात जी वादळे उठतात त्यांचा ताण गर्भाला सोसावा लागतो आणि अकाली कळांचा धोका संभवतो. त्याहून मोठे भय पुढचे असते. गोळी सोडलेल्या बऱ्याच स्त्रिया काही आठवड्यांत जुन्या पदार्थाकडे परततात, आणि तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीची मात्रा घेतली की श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. 2017 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यानुसार मेथाडोनचा उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण दरवर्षी हजारी सुमारे 11, तर उपचार सुटलेल्या काळात ते सुमारे 36 होते. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष घातक ठरले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, अफूवर्गीय पदार्थांवर अवलंबून असलेल्या गर्भवतीने व्यसन एकदम तोडण्याच्या प्रयत्नापेक्षा पर्यायी उपचार घ्यावेत, असा आग्रह धरावा.

बाळाला काहीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत ते किरकिरे होऊ शकते, हातपाय थरथरतात, रडणे तीव्र असते, दूध नीट ओढत नाही. या त्रासावर उपचार आहेत आणि तो काही दिवसांत ओसरतो. त्यासाठी बाळाला किमान चार-पाच दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. तिसऱ्या दिवशी घरी नेण्याची घाई करू नये. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित अभ्यासात गरोदरपणी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या स्त्रियांची तुलना केली होती. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या मातांच्या बाळांना सरासरी 10 दिवस रुग्णालयात राहावे लागले, मेथाडोनच्या गटात 17.5 दिवस. बाळ आईजवळच ठेवले, अंगावर पाजले, की त्रास आणखी कमी होतो. दुधातून बाळाला जाणारा अंश अत्यल्प असतो. आई स्थिर असेल आणि दुसरे काही घेत नसेल, तर स्तनपानाला डॉक्टर प्रोत्साहनच देतात.

इथवरचे सारे औषधाविषयी झाले. पत्रातल्या ज्या ओळीने मला अस्वस्थ केले ती मात्र औषधाविषयी नव्हती. आई लिहिते, ‘दर आठवड्याला जिल्ह्याला जायचे तर रोज नवी सबब शोधावी लागते. कधी बँकेचे काम, कधी मैत्रिणीचे आजारपण. आता सबबी संपल्या.’

स्त्रीच्या उपचाराची खरी गाठ येथे आहे. पुरुष घराबाहेर पडतो तेव्हा त्याला कोणी कारण विचारत नाही. आपल्या भाषेचेच पाहा. गर्दचे व्यसन शहरांत पसरले तेव्हा मराठीने ‘गर्दुल्ला’ हा शब्द घडवला. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र कोणाच्या तोंडी बसले नाही. जिला नाव नाही तिच्यासाठी केंद्रात वेगळी रांग तरी कशी असणार? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे 4 टक्के, तर स्त्रियांत 0.2 टक्के आढळले. घरी आलेल्या अनोळखी पाहणीकारासमोर, सासऱ्यांच्या देखत, किती जणी खरे सांगतील, हा विचार हा आकडा वाचताना माझी पाठ सोडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने काही वर्षांपूर्वी नोंदवले होते की, जगात व्यसनी पदार्थ घेणाऱ्या तिघांमागे एक स्त्री असते, पण उपचार घेणाऱ्यांत मात्र पाचांमागे एकच.

तिची वाटही निराळी असते. स्त्रिया पहिल्या वापरापासून अवलंबित्वापर्यंत पुरुषांपेक्षा लवकर पोचतात, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. काहींची सुरुवात नवऱ्याच्या सोबतीने होते, आणि सुई एकच असेल तर ती बहुधा त्याच्या नंतर टोचून घेते. कावीळ आणि एचआयव्हीचा धोका त्यामुळे तिला अधिक. काहींची सुरुवात पत्रातल्या लेकीसारखी, दुखण्याच्या गोळीने होते. उपचार सुरू झाल्यावरही घर सुटत नाही. कधी नवराच तिच्या वाट्याची गोळी काढून घेतो, कधी ‘व्यसनी आई’ म्हणून मूल हिरावण्याची धमकी मिळते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाधीनतेशी निगडित विकारांचाही समावेश आहे. उपचाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क तो रुग्णाला देतो. शिवाय स्त्री उपचारासाठी दाखल असेल, तर तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा तिच्यापासून दूर करू नये, असेही तो सांगतो.

आता या बाईला रोज किंवा दर आठवड्याला जावे लागणारी जागा जर तिच्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र असते, तर काय झाले असते? कडेवर मूल घेऊन निघालेल्या बाईला ‘दवाखान्यात कशाला?’ असे कोणी विचारत नाही. लस, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, तांबीची तपासणी, शेकडो कारणे आहेत. तिचे गरोदरपण, हिमोग्लोबिन, कावीळ आणि एचआयव्हीची चाचणी, मुलाचे वजन आणि जिभेखालची गोळी हे सारे एकाच केसपेपरवर आले असते. पाळीचेच उदाहरण घ्या. अफूवर्गीय पदार्थांनी पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. उपचार सुरू झाले की शरीर सावरते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते. हे तिला वेळेवर सांगणे आणि हवे असल्यास गर्भनिरोधक देणे हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेचे रोजचेच काम आहे. जिल्ह्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात, पुरुषांच्या गर्दीत उभ्या असलेल्या बाईला हे कोण सांगणार?

हे स्वप्नरंजन नाही. फ्रान्समध्ये 1990 च्या दशकाच्या मध्यापासून साधे कुटुंबवैद्य ब्युप्रेनॉर्फिन लिहून देऊ लागले आणि 1995 ते 1999 या काळात तेथील अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या गरीब वस्त्यांना 1980 च्या दशकात हेरॉइनने ग्रासल्यानंतर, 1998 साली एक नियमबद्ध व्यवस्था उभी राहिली. स्थिरावलेल्या रुग्णांची जबाबदारी प्रशिक्षित कुटुंबवैद्यांनी घ्यावी, अधिक प्रशिक्षण घेतलेल्यांनी उपचाराची सुरुवातही करावी आणि औषध वस्तीतल्या औषधालयातून मिळावे, अशी ती रचना. तिच्यातही एक काटा आहेच. औषधाच्या दुकानात, शेजारपाजाऱ्यांच्या देखत काउंटरवर उभे राहून औषध घेणे तेथील रुग्णांना, विशेषतः मुलांना घेऊन आलेल्या आयांना, फार टोचते. दवाखाना जवळ आला की ओळखीचे डोळेही जवळ येतात. आपल्या खेड्यांत तर परिचारिका नणंदेची मैत्रीण निघायची! तेव्हा जवळीक पुरेशी नाही. आडोशाची एक खोली, तोंड सांभाळणारे कर्मचारी आणि सर्वांच्या औषधांबरोबर त्याच खिडकीतून मिळणारी पुडी एवढे तरी हवे. यासाठी फार मोठा खर्च लागतो, असे मला वाटत नाही.

आपल्या देशातही पाऊलवाट आहे. ‘नाको’च्या कार्यक्रमात ओएसटी केंद्रे चालतात, प्रामुख्याने सुईने नशा करणाऱ्यांमधील एचआयव्ही रोखण्यासाठी. दिल्लीच्या ‘एम्स’ने त्रिलोकपुरीसारख्या वस्तीत दवाखाना चालवला. पंजाबने ऑक्टोबर 2017 पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात केली आणि पुढे अशी पाचशेहून अधिक केंद्रे उभी राहिली. कोविडच्या टाळेबंदीत रोज येणे अशक्य झाले तेव्हा काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची सवलत मिळाली. स्त्रियांच्या दृष्टीने ही सवलत मोठी होती. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीची परंपरा जुनी आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ 1986 पासून काम करीत आहे आणि स्त्रियांसाठी तेथे स्वतंत्र विभागही आहे. निवासी राहून व्यसन पूर्ण सोडण्याची ती वाट अनेकांना तारून गेली. परंतु चार वर्षांचे मूल आणि पोटात दुसरे असलेल्या बाईला महिनाभर घर सोडता येईलच असे नाही. तिच्यासाठी घरी राहून घेण्याचा उपचार हवा. आजघडीला ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे सर्वसाधारण औषधालयात मिळत नाही, व्यसनोपचार केंद्रांतूनच मिळते. गैरवापराचे भय खरे आहे, म्हणून हे बंधन समजण्याजोगे आहे. पण गावापासून केंद्राचे अंतर जितके मोठे, तितक्या बायका वाटेत गळतात, हेही तितकेच खरे.

कुटुंबीयांनी काय करावे, असे आपण विचाराल. ‘किती दिवस घ्यायची ही गोळी?’ हा प्रश्न दर महिन्याला विचारू नका. काहींना काही महिने पुरतात, अनेकांना वर्षे लागतात. थायरॉइडच्या गोळीविषयी आपण असा तगादा लावत नाही. मात्रा कमी करणे हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून, सावकाश ठरवायचे असते, आणि गरोदरपण ही त्याची वेळ नव्हे. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य या औषधासोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. घरातल्या कोणाची झोपेची गोळी ‘आजच्यापुरती’ तिला देऊ नका. बद्धकोष्ठ हा या औषधाचा त्रास आहे, त्यात गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांची भर पडते. तेव्हा पाणी, पालेभाज्या, गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले रेचक. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर आणि परिचारिका या दोघांनाही ब्युप्रेनॉर्फिनविषयी आधीच सांगा. कळा शमवण्यासाठी दिले जाणारे पेंटाझोसिनचे इंजेक्शन अशा स्त्रीला देऊ नये, त्याने त्रास एकदम उफाळू शकतो. वेदना शमवण्याचे दुसरे मार्ग आहेत आणि तिला ते मिळायलाच हवेत. मदत कोठे मिळेल हे ठाऊक नसेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी 14446 या क्रमांकावर विनामूल्य चालते.

आता पुन्हा पत्राकडे. सासूबाईंना मी दोष देणार नाही. नातवंडाच्या काळजीने त्या बोलल्या, आणि त्यांना खरे काय ते कोणी सांगितलेच नव्हते. मला धडकी भरली ती डाळीच्या डब्यामागच्या जागेने. जी गोळी त्यांच्या हाती लागली ती चार वर्षांच्या मुलाच्याही हाती लागली असती, आणि मोठ्या माणसाला सावरणारी ही मात्रा लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. लपवालपवीच्या पोटी आलेला हा धोका आहे. पुढच्या भेटीला आईने मुलीसोबत जावे, जमल्यास विहीणबाईंनाही न्यावे आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडून डॉक्टरांना विचारू द्यावा. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असू द्या. मनोविकारतज्ज्ञांकडून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र मागून घ्या, म्हणजे बाळंतपणापर्यंतच्या तपासण्या तरी जवळ होतील. आणि परतताना बाजारातून कुलपाचा एक छोटा डबा घ्या. तो मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. किल्ली मुलीकडेच राहू द्या.